मनोरा एका देशात, प्रेक्षक दुसऱ्या देशात: तिहुआनाच्या सहा नंबर चॅनेलची गोष्ट

टीव्ही स्टेशन म्हणजे एकच गोष्ट, असं आपण धरून चालतो. खरं तर तिथे चार गोष्टी एकत्र नांदत असतात: सरकारने दिलेला परवाना, सिग्नल सोडणारा मनोरा, दाखवायचे कार्यक्रम आणि जाहिरातींतून येणारा पैसा. बहुतेक शहरांत या चारही गोष्टी एकाच देशात, एकाच कायद्याखाली असतात. त्यामुळे त्या वेगवेगळ्या आहेत हे कधी लक्षातच येत नाही. सीमेवरच्या शहरात मात्र त्यांची फारकत होऊ शकते आणि मग खरी गंमत सुरू होते.

मेक्सिकोच्या वायव्य टोकाला तिहुआना हे शहर आहे. कुंपणापलीकडे अमेरिकेतलं सॅन दिएगो. दोन्ही शहरांच्या मध्यवस्तीत पंचवीस-तीस किलोमीटरचं अंतर. २९ एप्रिल १९५३ रोजी तिहुआनातून सहा नंबरच्या चॅनेलवर एक स्टेशन सुरू झालं. त्याचं नाव एक्सईटीव्ही. परवाना मेक्सिकोचा, मनोरा मेक्सिकोत, मालकही मेक्सिकन. पण ते ज्यासाठी ओळखलं गेलं तो सगळा कारभार इंग्रजीतला होता. कार्यक्रम अमेरिकन, जाहिराती सॅन दिएगोतल्या आणि शेवटच्या काळात तर रोजच्या बातम्याही सॅन दिएगोच्याच. सॅन दिएगोच्या कितीतरी घरांत हे 'आपलं' स्थानिक चॅनेल होतं. हा प्रकार २०१७ पर्यंत, म्हणजे चौसष्ट वर्षं चालला.

अमेरिकेने हे चालू कसं दिलं? आणि मेक्सिकोने आपल्या आकाशातली जागा इंग्रजी मालिकांना का दिली? दोन्हींचं उत्तर एकाच ठिकाणी सापडतं. वर सांगितलेल्या चार दोऱ्यांपैकी कुठली दोरी कोणाच्या हातात आहे, तिथे.

आधी लहरींचं बघू

टीव्हीच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, म्हणून मनोरा जितका उंच तितका सिग्नल लांब. ढोबळ हिशेब असा: मनोऱ्याच्या उंचीचं मीटरमधलं वर्गमूळ काढायचं आणि त्याला चारने गुणायचं, की किती किलोमीटरपर्यंत सिग्नल आरामात पोचेल ते कळतं. आजूबाजूच्या जमिनीपासून तीनशे मीटर उंच असलेल्या टोकावरून सत्तरएक किलोमीटर सहज होतात. एक्सईटीव्हीचा मनोरा तिहुआनातल्या सान अंतोनियो टेकडीवर होता. तिथून सॅन दिएगो म्हणजे अगदी अंगणातलं.

याच्या जोडीला दुसरी गोष्ट लागते. पलीकडचा सिग्नल नुसता पोचून उपयोग नाही, घरातल्या संचाला तो समजलाही पाहिजे. मेक्सिको आणि अमेरिका या दोघांनीही ५२५ रेषांची एकच पद्धत घेतली होती. त्यामुळे सॅन दिएगोतल्या माणसाला ना वेगळा टीव्ही लागला ना वेगळी जोडणी. बटण फिरवलं की सहा नंबर लागायचा. आपल्याकडच्या अमृतसर-लाहोरचं उदाहरण अनेकांना आठवेल. १९६४ मध्ये लाहोरला टीव्ही आला, अमृतसरला दूरदर्शन केंद्र १९७३ मध्ये झालं, आणि उंच बांबूवर अँटेना चढवून पाकिस्तानी नाटकं बघणारी घरं त्या पट्ट्यात होतीच. लहरीला पासपोर्ट लागत नाही. तिहुआनात फरक इतकाच, की तिथे पलीकडे सांडलेला सिग्नल हा अपघात नव्हता. धंदाच त्याच्यावर उभा होता.

आता नंबरांची वाटणी. जुन्या ॲनालॉग टीव्हीत चांगले समजले जाणारे, लांब पोचणारे चॅनेल २ ते १३ एवढेच होते. एकच नंबर दोन शहरांना द्यायचा तर ती शहरं दोन-तीनशे किलोमीटर लांब हवीत, नाहीतर पडद्यावर एकमेकांची भुतं दिसू लागतात. सॅन दिएगोपासून दोनशे किलोमीटरच्या आत लॉस एंजलिस. त्या बड्या शहराने २, ४, ५, ७, ९, ११, १३ आधीच खिशात घातले होते. सांताबार्बराला ३ गेला. उरले ६, ८, १० आणि १२. हे चार नंबर सॅन दिएगो आणि तिहुआना यांच्यात वाटायचे होते. दोन्ही सरकारांच्या करारातून ८ आणि १० अमेरिकेकडे गेले, ६ आणि १२ मेक्सिकोकडे.

म्हणजे या पट्ट्यातल्या चार चांगल्या चॅनेलांपैकी दोन मेक्सिकोच्या हातात होते. पुढचं सगळं नाट्य या साध्या गणितातून निघालं.

गोठलेले परवाने आणि एका हुशार माणसाचा डाव

अमेरिकेत प्रसारणाचे परवाने एफसीसी ही केंद्रीय संस्था देते. युद्धानंतर टीव्हीसाठी इतके अर्ज आले, की एफसीसीने ३० सप्टेंबर १९४८ रोजी नव्या परवान्यांवर बंदीच घातली. आधी नंबरांची वाटणी नीट करू, मग बघू, असं म्हणत ही बंदी १९५२ च्या एप्रिलपर्यंत ताणली गेली. सॅन दिएगोत बंदीपूर्वी परवाना मिळालेलं एकच स्टेशन १९४९ मध्ये सुरू झालं, आठ नंबरचं केएफएमबी. दहा नंबर यायला १९५३ चा सप्टेंबर उजाडला.

मधल्या पोकळीत मेक्सिकोतले बडे रेडिओ-टीव्ही उद्योजक एमिलिओ आस्काररागा विदाउरेता यांनी डाव साधला. त्यांच्याच उद्योगातून पुढे तेलेविसा ही महाकाय कंपनी उभी राहिली. तिहुआनाचा सहा नंबर त्यांनी दहा नंबरच्या आधी पाच महिने हवेत आणला. सॅन दिएगोसारख्या वाढत्या, पैसेवाल्या शहरात तेव्हा टीव्हीला स्पर्धा म्हणजे एक स्टेशन! जाहिरातदारांना दुसरा पर्याय हवाच होता. स्पॅनिश प्रेक्षकांसाठी बारा नंबरवर वेगळं स्टेशन १९६० मध्ये आलं.

इथे आणखी एक पदर आहे. अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे परकीयाला प्रसारणाचा परवाना असलेल्या कंपनीत थेट २० टक्क्यांपेक्षा जास्त वाटा ठेवता येत नाही. याच आस्काररागा घराण्याचे हात अमेरिकेतल्या स्पॅनिश स्टेशनांच्या साखळीत होते, आणि परकीय नियंत्रणाच्या मुद्द्यावरूनच १९८० च्या दशकात ती साखळी विकण्याची पाळी आली. तिहुआनातल्या टेकडीवरून मात्र तोच मालक सॅन दिएगोची बाजारपेठ कुठलीही अमेरिकन मर्यादा आडवी न येता कसत होता. अमेरिकेच्या जमिनीवर परवानाच घेतला नव्हता, तर मर्यादा लावणार कशावर? मला या सगळ्या प्रकरणातला हा भाग सर्वांत चलाख वाटतो.

बोकडाच्या ग्रंथी आणि कलम ३२५

पण अमेरिका हात बांधून बसली नव्हती. तिच्या भात्यात एक जुना बाण होता, आणि तो टीव्हीसाठी बनवलेलाही नव्हता.

१९२० च्या दशकात कॅन्ससमधल्या मिलफर्ड गावात जॉन ब्रिंकली नावाचा एक डॉक्टर होता. डॉक्टर म्हणायचं इतकंच. पुरुषांची गेलेली मर्दानगी परत आणण्यासाठी तो बोकडाच्या वृषणग्रंथी रोग्यांच्या अंगात बसवायचा आणि त्याची जाहिरात स्वतःच्या रेडिओ स्टेशनवरून करायचा. श्रोते पत्र लिहून लक्षणं कळवायचे, हा हवेतूनच औषधं सांगायचा. १९३० मध्ये त्याचा रेडिओचा परवाना गेला आणि वैद्यकीचाही. ब्रिंकलीने काय करावं? तो टेक्सासच्या सीमेवर गेला आणि नदीपलीकडे मेक्सिकोतल्या व्हिया आकुन्या गावात १९३१ मध्ये नवं, भलंमोठं रेडिओ स्टेशन काढलं. मेक्सिकोने परवाना आनंदाने दिला. त्याला कारणही होतं. मध्यम लहरींचे चांगले पट्टे अमेरिका आणि कॅनडा यांनी आपसात वाटून घेतले होते, मेक्सिकोला त्यात जागाच ठेवली नव्हती. मग शेजाऱ्याच्या कानाशी ढोल वाजवणाऱ्याला मेक्सिको का अडवेल?

मनोरा परदेशात, त्यामुळे अमेरिका तो पाडू शकत नव्हती. पण ब्रिंकलीचा आवाज अमेरिकेतून टेलिफोनच्या तारेवरून पलीकडे जायचा. तार अमेरिकेच्या हातात होती. म्हणून १९३४ च्या दळणवळण कायद्यात कलम ३२५ आलं. त्यातल्या एका पोटकलमाचं सार असं: ज्या परदेशी स्टेशनचं प्रसारण अमेरिकेत नियमित ऐकू येतं, त्या स्टेशनसाठी अमेरिकेत स्टुडिओ चालवायचा किंवा इथून तिथे कार्यक्रम पोचवायचा असेल, तर आधी एफसीसीचं परमिट घ्या.

या कलमाचा रोख नीट पाहिला की सीमेवरच्या टीव्हीचं कोडं निम्मं सुटतं. अमेरिका प्रक्षेपणाला परवानगी देत नाही किंवा नाकारत नाही. तो अधिकार मेक्सिकोचा. अमेरिका कार्यक्रमाच्या *निर्यातीला* परवानगी देते. मालाची गाडी फाटकातून बाहेर सोडायची की नाही, एवढंच तिच्या हातात. पण टीव्हीच्या धंद्यात माल म्हणजेच सर्वस्व.

एक्सईटीव्हीला हे लवकरच कळलं. एबीसी हे त्या काळचं तिसऱ्या क्रमांकाचं अमेरिकन नेटवर्क, म्हणजे देशभरच्या स्टेशनांना कार्यक्रम पुरवणारी कंपनी. सॅन दिएगोतली दोन्ही अमेरिकन स्टेशनं सीबीएस आणि एनबीसी या मोठ्या नेटवर्कांच्या कार्यक्रमांनी भरलेली असल्यामुळे एबीसीला तिथे पूर्णवेळ जागा नव्हती. तिने सहा नंबरशी संधान बांधलं आणि एफसीसीचं परमिट मिळवलं. १९५६ पासून एक्सईटीव्ही एबीसीचं सॅन दिएगोतलं स्टेशन झालं. मेक्सिकन परवाना असलेल्या चॅनेलवर अमेरिकन राष्ट्रीय नेटवर्क, तेही एफसीसीच्या संमतीने. परमिट ठरावीक मुदतीचं असायचं, दर वेळी नूतनीकरण करून घ्यायचं.

मोडलं ते या नूतनीकरणावरच. १९६० च्या दशकात सॅन दिएगोत ३९ नंबरवर एक नवं अमेरिकन स्टेशन आलं. ३९ म्हणजे यूएचएफ पट्टा. सिग्नल कमी लांब जायचा, जुन्या टीव्ही संचांवर तो लागायचाच नाही. १९६२ चा कायदा होऊन १९६४ पासूनच्या संचांत यूएचएफ सक्तीचं झालं, पण लोक टीव्ही काही दर वर्षी बदलत नाहीत. असलं स्टेशन नेटवर्कशिवाय तग धरणं कठीण. त्याच्या मालकांनी एफसीसीकडे तक्रार केली: अमेरिकन स्टेशन उपाशी असताना अमेरिकन नेटवर्कचा घास परदेशी स्टेशनच्या तोंडात कशाला? १९७२ मध्ये एफसीसीने एबीसीचं परमिट पुढे चालवायला नकार दिला आणि १९७३ मध्ये एबीसी ३९ नंबरवर गेली.

मग चारच वर्षांत, १९७७ मध्ये, एबीसीने ३९ नंबरला रामराम ठोकून दहा नंबरचं दणकट स्टेशन गाठलं. ज्या ३९ च्या रक्षणासाठी एवढा खटाटोप झाला, तिथून ती स्वखुशीने निघाली आणि ३९ ला एनबीसी मिळाली. मधल्यामध्ये एक्सईटीव्हीकडे कुठलंच नेटवर्क उरलं नाही. जुने चित्रपट आणि जुन्या मालिका दाखवत ते स्वतंत्र स्टेशन म्हणून चालत राहिलं.

मेक्सिकोची दोरी

आता कुंपणाच्या अलीकडे येऊ. मेक्सिकोचा १९६० चा रेडिओ-टीव्ही कायदा सांगत होता, की प्रसारण राष्ट्रभाषेत हवं. दुसऱ्या भाषेसाठी गृहखात्याची खास परवानगी लागेल आणि मागोमाग स्पॅनिश रूपांतर, पूर्ण किंवा सारांशाने, द्यावं लागेल. म्हणजे एक्सईटीव्हीचा संपूर्ण इंग्रजी संसार एका सरकारी सवलतीवर उभा होता. शिवाय परवाना फक्त मेक्सिकन नागरिकांनाच मिळायचा. म्हणून रचना अशी, की तिहुआनात परवानाधारक मेक्सिकन कंपनी, आणि सॅन दिएगोत बे सिटी टेलिव्हिजन ही कंपनी जाहिराती विकणार, कार्यक्रम लावणार, स्टुडिओ चालवणार. दोन्हींच्या मागे तेलेविसाच.

परवान्याच्या बदल्यात सरकार हवेतली वेळ मागायचं. याच कायद्याने प्रत्येक स्टेशनवर रोज अर्ध्या तासापर्यंतचा वेळ सरकारसाठी फुकट राखून ठेवला होता. त्याखेरीज प्रसारणावरच्या कराच्या बदल्यात वेळ घेण्याची पद्धत होती. २००२ च्या अध्यादेशाने हा करापोटीचा वेळ टीव्हीसाठी रोज १८ मिनिटांवर आणला. २००७ च्या घटनादुरुस्तीनंतर निवडणुकीच्या हंगामात रोज ४८ मिनिटं निवडणूक संस्थेच्या ताब्यात गेली. पक्षांच्या जाहिराती त्याच वेळात, आणि तिथल्या स्टेशनांपैकी कोणालाच त्यातून सूट नव्हती.

सॅन दिएगोतल्या प्रेक्षकाच्या बाजूने हे कसं दिसत असेल ते बघा. इंग्रजी मालिका चालली आहे, मध्येच मोटारविक्रेत्याची जाहिरात, आणि तिच्यानंतर अचानक मेक्सिकन सरकारी खात्याची किंवा उमेदवाराची स्पॅनिश जाहिरात. दिवसाच्या प्रसारणात मेक्सिकोचं राष्ट्रगीत. ओळख सांगताना चॅनेल स्वतःला कितीही 'सॅन दिएगोचं सहा नंबर' म्हणो, अधिकृत संकेतनाम 'एक्सई'नेच सुरू व्हायचं, कारण मेक्सिकोच्या स्टेशनांना 'एक्सई' किंवा 'एक्सएच' हीच अक्षरं मिळतात. अमेरिकेच्या पश्चिम भागातली नावं 'के'ने सुरू होतात. ज्याला हा नियम माहीत होता त्याला पडद्याच्या कोपऱ्यातलं नाव वाचूनच मनोरा कुठे आहे ते कळायचं. बाकीच्यांना कित्येक वर्षं पत्ताही नसणार.

टेप गाडीतून, सामना तारेवरून

१९८६ च्या ऑक्टोबरात अमेरिकेत फॉक्स हे चौथं नेटवर्क सुरू झालं. नव्या नेटवर्कला मोठ्या शहरांत रिकामी स्टेशनं हवी होती आणि एक्सईटीव्ही नेटवर्कविना बसलं होतं. ते पहिल्याच दिवसापासून फॉक्सचं स्टेशन झालं.

पण मग कलम ३२५ चं काय? इथे एक फट होती. १९३० च्या दशकात मेक्सिकोतून प्रसारण करणाऱ्या दुसऱ्या एका रेडिओ-वैदूवर खटला झाला होता, तेव्हा अपील न्यायालयाने अर्थ लावला, की रेकॉर्ड करून प्रत्यक्ष वाहून नेलेला कार्यक्रम त्या कलमाच्या कक्षेत येत नाही. अमेरिकेतून थेट पलीकडे पाठवलेला आवाज किंवा चित्र येतं. त्यामुळे फॉक्सचे कार्यक्रम टेपवर घेऊन सीमेपलीकडे न्यायचे आणि तिथून लावायचे, हा मार्ग मोकळा होता. उपग्रहाच्या जमान्यात टेपांची ने-आण! विनोदी वाटतं, पण विनोदी मालिका टेपवरून दाखवली काय आणि थेट दाखवली काय, प्रेक्षकाला फरक पडत नाही.

फुटबॉलच्या सामन्याला पडतो. १९९४ च्या हंगामापासून फॉक्सकडे एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगचे सामने आले आणि टेपचा जुगाड संपला. थेट प्रक्षेपणासाठी परमिट हवंच. फॉक्सने अर्ज केला, ५१ नंबरच्या स्थानिक अमेरिकन स्टेशनने विरोध केला, आणि प्रकरण वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयापर्यंत पोचलं. वीस वर्षांपूर्वीचा एबीसीचा वाद नव्या पात्रांसह पुन्हा रंगला. या वेळी सहा नंबर टिकला आणि १९९९ च्या डिसेंबरात त्याने स्वतःचा बातम्यांचा विभागही सुरू केला. स्टुडिओ सॅन दिएगोच्या कर्नी मेसा भागात आणि मनोरा सीमेपलीकडे. वार्ताहर सॅन दिएगोच्या रस्त्यावर उभा राहून जे बोलायचा ते आधी मेक्सिकोत जाऊन मग सॅन दिएगोतल्या घरात यायचं.

या काळातली एक छोटी गोष्ट मला फार आवडते. ॲनालॉग सहा नंबरचा पट्टा ८२ ते ८८ मेगाहर्ट्झचा, आणि त्याच्या आवाजाची लहर ८७.७५ वर. एफएम रेडिओची पट्टी ८८ ला सुरू होते. म्हणजे मोटारीतल्या साध्या रेडिओचा काटा अगदी डावीकडे, ८७.७ वर नेला, की टीव्हीचा आवाज ऐकू यायचा. गाडी चालवणाऱ्याला सकाळच्या टीव्ही बातम्या रेडिओवर मिळत. तेही परदेशी स्टेशनवरून.

पैशाची दोरी

आतापर्यंत तीन दोऱ्या पाहिल्या: परवाना मेक्सिकोच्या हातात, कार्यक्रम अमेरिकेच्या, आणि मनोऱ्याचा नंबर दोघांच्या करारात. चौथी पैशाची. ती ओढली तर काय होतं, हे अमेरिकेच्या दुसऱ्या सीमेवर दिसतं.

वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅम या लहान शहरात केव्हीओएस हे स्टेशन १९५३ च्या जूनमध्ये सुरू झालं. राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकाचं चित्रण दाखवून. अमेरिकन स्टेशनने ब्रिटिश राणी का दाखवावी? कारण गिऱ्हाईक सीमेपलीकडच्या कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये होतं. इथे तिहुआनाचं चित्र उलटं आहे: मनोरा अमेरिकेत, प्रेक्षक कॅनडात. कॅनडाच्या हातात परवानाही नव्हता आणि कार्यक्रमही नव्हते. मग १९७६ मध्ये कॅनडाने कर कायदा बदलला. कॅनडातल्या प्रेक्षकांसाठीची जाहिरात कॅनेडियन कंपनीने सीमेपलीकडच्या स्टेशनवर दिली, तर तो खर्च करातून वजा मिळणार नाही. स्टेशनला कोणी हातही लावला नाही, पण व्हँकुव्हरच्या दुकानदाराला तिथली जाहिरात महाग पडू लागली. अमेरिकेने चिडून १९८४ मध्ये तसाच कायदा कॅनडाच्या स्टेशनांसाठी केला.

डेट्रॉइटसमोरच्या विंडसर शहरात आणखी वेगळं घडलं. तिथलं नऊ नंबरचं स्टेशन कॅनडाचं, पण मालकी अमेरिकन कंपनीकडे गेलेली आणि रोख डेट्रॉइटच्या प्रेक्षकांवर. कॅनडाने परकीय मालकीवर बंधन आणलं आणि १९७० मध्ये ती कंपनी बाहेर पडली. तिथे परवान्याचीच दोरी ओढली गेली. ज्या सरकारच्या हाती जी दोरी असेल ती ते ओढतं. तत्त्वाची भाषा नंतर येते.

शेवट कसा झाला

एक्सईटीव्हीला शेवटी कुठल्या सरकारने बंद केलं नाही. २००८ च्या ऑगस्टमध्ये फॉक्स सॅन दिएगोतल्याच एका अमेरिकन स्टेशनकडे गेलं आणि सहा नंबरच्या वाट्याला सीडब्ल्यू हे बरंच लहान नेटवर्क आलं. त्याच सुमारास जुन्या चॅनेल नंबरांची जादूही ओसरत होती. बहुतेक घरांत केबल पोचली होती. केबलवर सहा काय आणि ५१ काय, सगळे सारखेच स्पष्ट. १९५३ मध्ये ज्या दुर्मीळ नंबरमुळे हे स्टेशन जन्मलं, त्याची दुर्मीळताच संपली.

मग डिजिटलचा घोळ. अमेरिकेने १२ जून २००९ रोजी ॲनालॉग बंद केलं, मेक्सिकोने नाही. डिजिटल सहा नंबर सुरू झालेला होता, पण जुना ॲनालॉगही चालू. एकाच आकाशात दोन युगं. मेक्सिकोने ॲनालॉग बंद करायला सुरुवात केली तीच तिहुआनापासून, २८ मे २०१३ रोजी. पण पुष्कळ घरांत डिजिटल खोका पोचलेला नव्हता आणि जुलैच्या सुरुवातीला राज्यात निवडणूक होती. टीव्ही गेलेले मतदार कोणाला हवे असतात? काही दिवसांतच सिग्नल परत चालू करावे लागले. निवडणूक उरकल्यावर १८ जुलैला ते कायमचे बंद झाले. ८७.७ वरचा तो आवाजही त्यांच्यासोबतच गेला.

डिजिटलमुळे आणखी एक गोष्ट बदलली. एका स्टेशनच्या जागेत आता दोन-तीन उपचॅनेल मावतात. त्यामुळे एखाद्या लहान नेटवर्कला अख्खं स्टेशन लागत नाही, दुसऱ्याच्या घरातली एक खोली पुरते. २०१७ मध्ये नेमकं तेच झालं. सीडब्ल्यू आठ नंबरच्या केएफएमबीच्या उपचॅनेलवर गेलं. एक्सईटीव्हीचा बातम्यांचा विभाग ३१ मार्चला बंद झाला आणि मे अखेर इंग्रजी प्रसारण. तेलेविसाने सहा नंबरवर आपलं स्पॅनिश 'कनाल ५' लावलं. मनोरा, परवाना आणि मालक तेच राहिले, गेले ते प्रेक्षक आणि डॉलर.

ब्रिंकलीसाठी केलेलं कलम मात्र निवृत्त झालेलं नाही. २०१८ मध्ये सॅन दिएगोच्या दक्षिणेला, रोसारितोमधल्या ६९० नंबरच्या मेक्सिकन रेडिओ स्टेशनवरून दक्षिण कॅलिफोर्नियातल्या चिनी श्रोत्यांसाठी मँडरिन कार्यक्रम सुरू झाले. ते तयार व्हायचे कॅलिफोर्नियातल्या स्टुडिओत, आणि स्टुडिओ होता हाँगकाँगच्या फीनिक्स टीव्हीशी संबंधित कंपनीचा. परमिटच्या अर्जात त्या कंपनीचं नावच नव्हतं. जून २०२० मध्ये एफसीसीने अर्ज निकाली काढला आणि कार्यक्रम पाठवणं ४८ तासांत थांबवायला सांगितलं. मेक्सिकोतल्या मनोऱ्याबद्दल आदेशात काही म्हणायची गरज नव्हती. स्टुडिओ कॅलिफोर्नियात होता, तेवढं पुरेसं होतं.